कुमुदताईंच्या नावाचं खातं

ताई, तुमचं नाव पुसायचं काम माझ्याकडे आलंय.

परवा संगीताकडे सगळे जमलो होतो. तुमच्या फोटोला हार घातलेला, चहा कोणी घेतला, कोणी तसाच ठेवला. मी चपला घालत होतो तेव्हा संगीता दारात येऊन हळूच म्हणाली, "सुगतदादा, ताईंचं ते वेबसाइटचं खातं बंद करायला लागेल ना? निवडणूक तोंडावर आलीये. आणि नियम त्यांचाच होता." मी म्हटलं, करतो. करतो म्हणायला काय जातं! आज शनिवारची दुपार आहे, बिबवेवाडीतल्या माझ्या खोलीत पंखा कुरकुरतोय, आणि समोर पडद्यावर प्रश्न आलाय:

"ही व्यक्ती आता इथे काम करत नाही. तिने लिहिलेलं सगळं फेकून द्यायचं, की दुसऱ्या कोणाच्या नावावर करायचं? नीट विचार करा. बटण दाबल्यावर रडून उपयोग नाही."

हे वाक्य तुमचं. मूळ इंग्रजीत रडण्याबद्दल काहीही नव्हतं.

पेपरात तुमच्याबद्दल दोन ओळी आल्या. निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, वय, पत्ता, संपलं. वॉर्ड आघाडीचा उल्लेख नाही, वेबसाइटचा तर नाहीच. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "दोन ओळी? एवढ्या कशाला?" पण मला त्या पुरत नाहीत. बटण दाबायच्या आधी मला तुमच्याशी बोलायचंय. नाहीतरी आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि योगायोग बघा, ते नेमकं याच प्रश्नावरून होतं.

सुरुवात आठवते? आपल्या भागात नळाला पाणी कमी आणि टँकर जास्त अशी अवस्था झाली होती. मोठ्या पक्षांकडे जाऊन जाऊन लोक कंटाळले, आणि पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या संगीताला महापालिकेला उभं करायचं ठरलं. आघाडी नोंदवली, पण खिशात दमडी नाही. कोणीतरी म्हणालं, वेबसाइट काढू, तिच्यावरून वर्गणी गोळा करू. झालं, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कंपनीत काम करणाऱ्या माणसाला लग्नपत्रिका छापण्यापासून प्रिंटर दुरुस्त करण्यापर्यंत सगळं येतं अशी लोकांची पक्की समजूत असते. मी आपला भोळा, म्हणालो, आधी कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम निवडावी लागेल.

मागच्या खुर्चीतून आवाज आला, "काय म्हणालात आपण?"

तो तुमचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पांढरा अंबाडा, मांडीवर पिशवी, आणि प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू येईल असं बोलणं. मी समजावायला लागलो की वेबसाइट चालवायला मागे एक यंत्रणा लागते, आपण मजकूर टाकायचा, ती त्याचं पान करून देते, वर्गणी घेते, पावती देते.

"म्हणजे गिरणी," तुम्ही म्हणालात. "दाणे टाकायचे, पीठ घ्यायचं. मग असं सरळ बोला ना."

तेव्हापासून आपण दोघं तिला गिरणीच म्हणत आलो. माझ्या ऑफिसात एकदा मीटिंगमध्ये माझ्या तोंडून "या गिरणीत तो बदल करता येणार नाही" असं निघून गेलं, आणि साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

निवडायला दोन गिरण्या होत्या. एक तयार, भाड्याची. महिन्याचं भाडं द्यायचं, सगळं आयतं. वर्गणीचं पान, पावत्या, झकपक फोटो. फक्त देणाऱ्यांची नावं त्या कंपनीकडे राहणार. दुसरी फुकटची. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली, कोणीही उतरवून घ्यावी, आपल्या जागेत बसवावी. पण बसवायची आपण, साफ करायची आपण, बिघडली तर डोकं आपटायचंही आपणच. माझं मत स्वच्छ होतं. भाड्याची घ्या आणि मोकळे व्हा. मला नोकरी होती, ताई. येरवड्याच्या पलीकडे रोज जाऊन येऊन माझा जीव निघत होता. रात्रंदिवस गिरणी पुसायची मला हौस नव्हती.

तुम्ही दोन्हींना नावं ठेवलीत. पहिली नाक्यावरची गिरणी, दुसरी घरघंटी.

"नाक्यावर दळण टाकलं की आपल्या गव्हात दुसऱ्याची बाजरी येते," तुम्ही म्हणालात. "आणि आपले गहू किती, कसले, हे गिरणीवाल्याला कळतं."

"घरघंटी आवाज करते, ताई. पीठ घरभर उडतं. आणि पुसायला मीच."

"मी पुसेन. शिकव."

मी मनात म्हटलं, काय बाप्पा, ही बाई आता माझ्या मानगुटीवर बसणार. आणि बसलातच.

पण निवड नुसती गव्हावरून झाली नाही, हे मी आजही लोकांना सांगतो तेव्हा कोणाला खरं वाटत नाही. तुम्ही म्हणालात, दोघांनाही फोन लावून बघू. ज्याच्याकडे माणूस उचलेल ती गिरणी घ्यायची. मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या घरी, तुमच्या त्या बटणांच्या जुन्या काळ्या फोनवरून, तुम्ही भाड्याच्या गिरणीचा नंबर फिरवलात. पलीकडून ध्वनिमुद्रित बाई बोलली, मराठीसाठी हे दाबा, विक्रीसाठी ते दाबा. तुम्ही दाबत गेलात. संगीत लागलं. परत पहिली बाई आली. तुमचा चेहरा मी बघत होतो. सगळी नोकरी लोकांना लोकांशी जोडून देण्यात गेली तुमची, आणि ते काम आता ही ध्वनिमुद्रित बाई करत होती, तेही धड नाही. तुम्ही रिसीव्हर इतका हळू ठेवलात की मला आपटलेला परवडला असता.

"हिला काढा," एवढंच म्हणालात.

फुकटच्या गिरणीला फोन नंबरच नव्हता. मी सांगितलं, तिथे कंपनी नाही, मालक नाही, फक्त एक जागा आहे जिथे लोक प्रश्न लिहितात आणि ज्याला येईल तो उत्तर देतो. तुम्हाला ते पटेना. "फुकट कोण देतं? आणि का देतं?" हा प्रश्न तुम्ही मला पुढची कित्येक वर्षं विचारलात, आणि मी दर वेळी वेगळं उत्तर दिलं, कारण खरं उत्तर मलाही माहीत नव्हतं. शेवटी तुम्ही सांगितलंत तसं मी इंग्रजीत लिहिलं: आम्ही पुण्यातली छोटी आघाडी आहोत, तुमची यंत्रणा वापरायचा विचार आहे, पण बिघडली तर कोण उचलणार? मला लाज वाटत होती. कुठल्या कुठल्या देशांतले लोक हे वाचणार!

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कुठल्याशा थंड देशातल्या एका शाळामास्तरांनी लिहिलं होतं की ते रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर इथे येऊन बसतात, तुमच्याकडे तेव्हा उशिराची वेळ असेल, पण विचारा, मी असतो. तुम्ही ते दोनदा वाचायला लावलंत. मग चष्मा काढलात आणि म्हणालात, "उचलला फोन. हीच घ्यायची."

अशी निवड जगात आणखी कोणी केली असेल का, मला माहीत नाही. मी इंजिनिअर माणूस, तक्ता करून आणला होता, या गिरणीत हे आहे, त्या गिरणीत ते नाही. तुम्ही तो तक्ता घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातलात. टेबल मात्र स्थिर झालं, हे कबूल करतो.

मग तुम्ही गिरणी उघडून बसलात. लोक म्हणतात म्हाताऱ्या माणसांना नव्याची भीती वाटते. तुम्हाला कसलीच वाटली नाही, उलट मला तुमची वाटायला लागली. "हे बटण काय करतं?" "हे दाबलं की आत काय हलतं?" "आत म्हणजे कुठे आत? मला दाखव." मी एकदा वैतागून आतला सगळा मजकूर पडद्यावर उघडून दिला. म्हटलं, घ्या, बघा आत. तुम्ही अर्धा तास गप्प बसून बघत राहिलात आणि विचारलंत, "हे सगळं कोणीतरी बसून लिहिलंय? एकेक ओळ? आणि त्यांना एकमेकांचे आवाजसुद्धा माहीत नाहीत?" त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या कामाकडे नवलाने बघितलं. ते तुमच्यामुळे झालं, आणि हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

इंग्रजी पाट्या तुम्हाला खपेनात. आत सोय होती, प्रत्येक सूचना आपल्या भाषेत लिहिता येत होती. दिसेल तशी एकेक करत तुम्ही सगळ्या लिहिल्यात. पासवर्ड चुकला की यायचं: "चुकलात. आठवत नसेल तर पाणी पिऊन या." कुठलंही काम पार पडलं की: "झालं. आता पुढचं काम बघा." संगीता म्हणायची, ताई, लोकांना राग येईल. तुम्ही म्हणायचात, ज्याला राग येईल त्याला आपली वेबसाइट लक्षात राहील.

आणि वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला फोन. पैसे आले रे आले की तुम्ही नंबर फिरवणार. "नमस्कार. वॉर्ड आघाडीतून बोलतेय. आपण वर्गणी दिलीत. मनापासून दिलीत ना? कोणी सांगितलं म्हणून नाही ना?" माणसं घाबरायची. एकाने तर विचारलं, पोलीस स्टेशनातून बोलताय का? पण एक जण खरंच म्हणाला की मालकाने द्यायला लावले, आणि तुम्ही त्याचे पैसे त्याच दिवशी परत पाठवायला लावलेत. मला वाटलं होतं ही म्हातारपणची हौस आहे. नंतर कळलं, हीच आपल्या आघाडीची खरी ओळख झाली होती.

आता ती दुपार.

त्या दुपारीबद्दल आपण नंतर खूप हसलो, पण तेव्हा मी भयंकर संतापलो होतो, हे विसरू नका. सकाळच्या पेपरात आतल्या पानावर आपली बातमी आली होती, पोळी-भाजीवाल्या बाई निवडणुकीला उभ्या, वर्गणी वेबसाइटवर. मी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं. एक वाजता कँटीनमध्ये माझ्याभोवती ही गर्दी! अकोल्याचा एक, परभणीची एक, दोघं-तिघं इथलेच. मी ऐटीत वेबसाइट उघडली. पडद्यावर आलं:

"दुपारी एक ते चार बंद. चारनंतर या."

कँटीन हसून हसून आडवं झालं. माझ्या ताटातली आमटी गार झाली आणि डोकं तापलं. मी बाहेर येऊन तुम्हाला फोन लावला. पुष्कळ वेळ वाजला.

"कोण?" झोपेतला आवाज.

"ताई, मी सुगत. वेबसाइट बंद दाखवतेय!"

"माहीत आहे. मीच केलीये. त्या नाक्यावरच्या गिरणीत ही सोय नव्हती, हिच्यात आहे."

"अहो पण इंटरनेट कधी बंद असतं का?"

"इंटरनेट नसेल. मी असते. माणूस पैसे देणार आणि पलीकडे फोन करायला कोणी नाही, हे मला चालणार नाही."

"ताई, कंपन्यांतले लोक याच वेळात जेवायला उठतात! दिवसभरात हाच एक तास मिळतो त्यांना! सगळे आले आणि परत गेले!"

मला वाटलं आता चूक कबूल होणार. मग तुम्ही खरोखरच्या कुतूहलाने विचारलंत, "अरे, मग हे लोक झोपतात कधी?"

मी फोन ठेवला. चार दिवस आपण एकमेकांशी धड बोललो नाही. बोललात ते "आपण"वर: आपण फार शिकलेले, आपल्याला घाई असते. मीही कमी नव्हतो. म्हटलं, अख्खं जग जागं आहे आणि आमची आघाडी वामकुक्षी घेतेय. माफी तुम्ही मागितली नाहीत, शेवटपर्यंत नाही. पण पाचव्या दिवशी बघतो तर पाटी बदललेली: "दुपारी दोन ते चार बंद." जन्मभराच्या दुपारच्या झोपेतला पहिला तास तुम्ही कँटीनमधल्या अनोळखी पोरापोरींना देऊन टाकला होतात.

आणि मग काय, तुम्हाला नवं विश्वच सापडलं. फोनमागे ताटांचा आवाज यायचा आणि तुम्ही विचारायचात, "जेवणात काय आहे आज?" कुठले तुम्ही, आई काय करते, पुणं आवडलं का, नाही आवडलं तर काऊन नाही आवडलं. हो, हे यवतमाळी "काऊन" तुम्ही माझ्याकडूनच उचललात. आधी हसायचात त्याला. मला ऑफिसात फोन करून सांगायचात, "आत्ता एक वाशीमचा होता. आवाजावरून वाटलं सर्दी झालीये. हळद-दूध सांगितलं." मी म्हणायचो, ताई, आपण निवडणूक लढवतोय की दवाखाना काढलाय?

एकदा तुम्ही मला विचारलंत, "अरे, यातल्या निम्म्या लोकांचं मत इथे नाहीच. नावं सगळी गावाकडे. तरी पैसे देतात. का रे?"

मी म्हटलं, "माझं तरी कुठे इथे आहे? यवतमाळलाच आहे. पण पाणी इथलंच पितो ना, ताई."

तुम्ही एकदम चिडलात. इतकी वर्षं इथे राहतोस, गिरणी पुसतोस, आणि मत यवतमाळला? दुसऱ्याच दिवशी माझ्या दंडाला धरून नाव नोंदवायला घेऊन गेलात. रांगेत स्वतः उभ्या राहिलात, मलाही बसू दिलं नाहीत. खिडकीतल्या माणसाने विचारलं, हे आपले कोण? तुम्ही म्हणालात, "शेजारी आहेत. पुरे ना?" माझे बाबा गावाहून पहिल्यांदा पुण्यात आले तेव्हा घर मिळता मिळत नव्हतं. आडनाव विचारायचे लोक, आणि मग खोली रिकामी नसायची. ते तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंही नाहीत. पण त्या खिडकीशी तुम्ही "शेजारी" म्हणालात ना, ते मी फोन करून बाबांना सांगितलं. ते म्हणाले, बाईंना नमस्कार सांग. तो सांगायचा राहून गेला. आज सांगतो.

म्हणजे बघा कसं आहे. माझं नाव या शहराच्या यादीत तुम्ही घातलंत, आणि तुमचं काढायला मला बसवलंय. मतदार यादीतून तर ते जाईलच, तिथे मला कोणी विचारणार नाही. इथे विचारतायत, तेही तुमच्याच शब्दांत.

संगीता पडली त्या निवडणुकीत. तुम्ही म्हणालात, पडली तर पडली, गिरणी चालू आहे ना? आणि वेबसाइट तुम्ही चालू ठेवलीत. पाणी किती वाजता येणार, स्वारगेटकडची कुठली बस बंद झाली, कुठला खड्डा बुजवला आणि कुठला नुसता बुजवल्यासारखा केला. सगळ्याखाली तुमचं नाव. माझ्यावरही लिहायचात: "वेबसाइट काल बंद होती. चौकशी केली असता आमचे तांत्रिक प्रमुख सासुरवाडीला गेल्याचे समजते." हे सगळं मी आता "माझ्या नावावर" करायचं म्हणे. संगीता तेच सुचवत होती, तुमच्या नावावर घ्या दादा, कुठे जायला नको काही. म्हणजे मी सासुरवाडीला गेल्याची तक्रार मीच केली असं होणार!

आता ते भांडण. दिलीपचं.

दिलीप आपल्यातलाच. निवडणुकीनंतर एका मोठ्या पक्षात गेला. गेला तर गेला, पण त्याचं खातं आपण बंद केलं नव्हतं, किल्ली त्याच्याकडेच राहिली. आणि एका सकाळी आपल्या पहिल्या पानावर त्याच्या नव्या साहेबांचा हार घातलेला फोटो, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! चौकातला फ्लेक्स कमी पडला म्हणून इथे. तुम्ही इतक्या भडकलात की मला वाटलं फोनमधून बाहेर याल. त्या दिवशी नियम झाला, जो जाईल त्याचं खातं लगेच बंद. त्याच दिवशी आपण पहिल्यांदा हा प्रश्न बघितला, आणि तुम्ही तिथल्या तिथे त्याचं मराठी केलंत, रडून उपयोग नाही वगैरे.

मी म्हटलं, ताई, त्याने नाल्यावर लिहिलेलं राहू द्या. दिलीपने नाल्याचा उगम शोधत पायी जाऊन, लोकांना विचारून, कुठे कोणी भराव घातला हे लिहिलं होतं. आपल्या वेबसाइटवरचं ते सगळ्यात चांगलं लिखाण होतं. तुम्ही म्हणालात, फेकून दे. मी म्हटलं, माणूस गेला म्हणून त्याचं काम खोटं होतं का? तुम्ही म्हणालात, "तो स्वतःच स्वतःला पुसून गेलाय." मी म्हटलं, मग माझ्या नावावर करू का? तर तुम्ही कडाडलात, "दुसऱ्याचं लिहिलेलं स्वतःच्या नावावर? शोभतं तुला?" म्हणजे त्याच्या नावाने ठेवायचं नाही आणि माझ्याही नाही! मी विचारलं, तिसरा रस्ता का नाही? तुम्ही म्हणालात, "गिरणीला विचार." आणि माझ्या हाताखालून माउस ओढून बटण दाबलंत. "झालं. आता पुढचं काम बघा."

नाल्याचं लिखाण गेलं. पुढच्या पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरलं, आणि पेपरवाले विचारायला आले की तुमच्याकडे त्याची काही माहिती होती ना? तुम्ही त्यांना काय सांगितलंत, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दोन वर्षांनी, तुमचं दुखणं सुरू झालं होतं, मी औषधं घेऊन आलो होतो, तेव्हा तुम्ही भिंतीकडे बघत विचारलंत, "ते दिलीपचं नाल्याचं परत मिळेल का रे?"

मी म्हटलं, नाही, ताई.

तुम्ही मान हलवलीत. मी बरोबर होतो असं तुम्ही म्हणाला नाहीत. मीही म्हणवून घेतलं नाही. मग तुम्ही विचारलंत, आज फोन कोणाचे आले?

मला तुम्हाला केवढं विचारायचं होतं! तुमच्या त्या टेलिफोन खात्यात, कानाला लावलेल्या त्या यंत्रातून, तुम्ही काय काय ऐकलं असेल? मी एकदा विचारलं होतं, लोकांची बोलणी ऐकायचात का? तुम्ही म्हणालात, "ऐकू यायची. ऐकायची नाहीत." एवढंच. मग यंत्रं आली, माणसं आपली आपण नंबर फिरवायला लागली, तुम्हाला दुसऱ्या खोलीत कागदांवर बसवलं. तेव्हा कसं वाटलं? राग आला होता का? की तेव्हाही तुम्ही त्या नव्या यंत्राचं झाकण उघडून आत काय हलतं ते बघितलंत? मला वाटतं, बघितलं असणार. आता कोणाला विचारू?

तर ताई, तास झाला, प्रश्न तसाच पडद्यावर आहे. फेकायचं, की माझ्या नावावर? तुमचं पहिलं उत्तर मला मंजूर नाही आणि दुसऱ्यावर तुम्हीच मला झापलं होतंत. मग मला तुमचीच गोष्ट आठवली. आपण घरघंटी कशाला घेतली होती? नाक्यावरच्या गिरणीत असतो तर हा प्रश्न असाच राहिला असता, दोनच बटणं, दाबा नाहीतर जा. ही आपली आहे. हिच्या आत हात घालता येतो.

मी घातला. फार मोठं काम नव्हतं. दोन बटणांखाली तिसरं बसवलं. अवघड गेलं ते त्याच्यावर काय लिहायचं हे. बाकी सगळं या गिरणीत तुम्ही लिहिलेलं आहे, माझं एक अक्षर नाही. कितीतरी वाक्यं लिहिली आणि खोडली. एक फार भावुक झालं, तुम्ही नाक मुरडलं असतं. एक सरकारी झालं. शेवटी हे ठेवलं: "किल्ली काढून घ्या. नाव राहू द्या. लिहिलेलं ज्याचं त्याचंच."

तुम्हाला आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही. "तीन वाक्यं कशाला?" म्हणाला असतात बहुतेक.

दाबलं. रडून उपयोग नाही हे माहीत असूनही थोडा रडलो, ताई. पडद्यावर आलं, "झालं. आता पुढचं काम बघा."

तेवढ्यात चार वाजले आणि वर्गणीचं पान आपोआप उघडलं. तुम्ही लावून ठेवलेली वेळ मी बदललेली नाही. थोड्या वेळाने कोणीतरी पैसे भरले. नाव ओळखीचं नव्हतं. मी चहा करायला उठलो होतो, तसाच परत बसलो. फोन लावला, घसा खाकरला आणि म्हटलं, "नमस्कार. वॉर्ड आघाडीतून बोलतोय. आपण वर्गणी दिलीत. मनापासून दिलीत ना?"

पलीकडून एक बाई म्हणाली, "हो, मनापासूनच. पण दर वेळी त्या ताई करतात ना फोन? जेवलीस का विचारतात. त्या नाहीत का आज?"

"नाहीत," मी म्हटलं. "पण त्यांनी लिहिलेलं सगळं आहे तिथे. त्यांच्याच नावाने."